अनध्याय

अनध्याय हा शब्द आतां बहुतेक घरांतून नाहींसा झाला आहे. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं वेदपाठाची परंपरा होती त्यांच्या आजोबांच्या तोंडीं तो असे. पुढें शाळा आली, घंटा आली, 'सुट्टी' हा सुटसुटीत शब्द आला, आणि अनध्याय पंचांगाच्या कोपऱ्यांत जाऊन बसला. परंतु हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहींत, असें आम्हांस अलीकडे वारंवार वाटूं लागलें आहे. सुट्टी कोणीतरी देतो. ती मागावी लागते, मिळवावी लागते, आणि देणाऱ्याच्या मनांत आलें कीं परतहि घेतां येते. अनध्याय कोणी देत नसे. तिथि उगवली कीं तो असे. गुरूची इच्छा असो वा नसो, शिष्याचा पाठ झालेला असो वा नसो, त्या दिवशीं अध्ययन करावयाचें नाहीं, हें ठरलेलें.

मनुस्मृतींत अशा पुष्कळ गोष्टी आहेत कीं ज्या आज कोणी विचारी मनुष्य मान्य करणार नाहीं, आणि करूंहि नयेत. पण तिच्या चौथ्या अध्यायांत अनध्यायांची जी लांबलचक यादी आहे, ती शिक्षकाच्या पेशांत आयुष्य घालविलेल्या माणसानें एकदां वाचण्यासारखी आहे. अमावास्या, पौर्णिमा, दोन्ही अष्टम्या व दोन्ही चतुर्दश्या हे ठरलेले दिवस. म्हणजे महिन्याच्या तीस तिथींपैकीं सहा. रूढीनें प्रतिपदाहि वर्ज्य मानीत. त्या दोन धरल्या कीं आठ झाल्या. शिवाय चतुर्दशी, पर्वतिथि आणि प्रतिपदा अशा लागोपाठ तीन तिथि मोकळ्या सांपडत, आणि त्या महिन्यांतून दोन वेळां. प्रासंगिक अनध्याय याहून निराळे. दिवसां धूळ उडविणारा वारा सुटला, रात्रीं वाऱ्याचा आवाज कानांवर येऊं लागला, पावसाबरोबर विजा चमकून गडगडाट झाला, कोल्हे ओरडले, गांवांत प्रेत असलें, तर पाठ बंद. त्यांतील आम्हांस सर्वांत आवडणारें कलम असें कीं, गुरु व शिष्य यांच्या मधून गुरेंढोरें, बेडूक, मांजर, कुत्रा, साप, मुंगूस किंवा उंदीर गेला तर एक अहोरात्र अनध्याय पाळावा. आम्हीं छत्तीस वर्षें वर्गांत काढलीं. हा नियम आमच्या शाळेंत लागू असता तर पावसाळ्यांत प्रत्येक दप्तरांतून एक एक बेडूक निघाला असता, याविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नाहीं.

या नियमांच्या मुळाशीं विश्रांतीची कल्पना होती असें मात्र कोणीं समजूं नये. तेथें शुचिर्भूतपणाचा विचार आहे, भय आहे, वेदाविषयींचा धाक आहे. पण कारण कांहींहि असो, परिणाम असा झाला कीं, ज्या विद्येला आपल्या पूर्वजांनीं सर्वांत श्रेष्ठ मानलें तिच्याहि अभ्यासाला महिन्यांतून आठ दिवस दार बंद असे. आणि तें दार ढकलून आंत शिरणाऱ्याचें कोणी कौतुक करीत नसे. वाल्मीकिरामायणाच्या सुंदरकांडांत हनुमान सीतेच्या कृशतेचें वर्णन करतो, तेव्हां त्याला उपमा सुचते ती प्रतिपदेलाहि पाठ करीत बसणाऱ्याच्या झिजत चाललेल्या विद्येची. ऐकणारे सगळे वानर. तरी उपमेचें स्पष्टीकरण द्यावें लागलें नाहीं. आज आमच्या शेजारच्या पालकांना ती समजावून देण्यास आम्हांस अर्धा तास लागतो, आणि एवढें करून ती त्यांना पटत नाहीं.

विदर्भांतील पद्मपूरचा भवभूति हा रडविणारा कवि म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या उत्तररामचरिताचा चौथा अंक उघडतो तो मात्र हंसत. वाल्मीकींच्या आश्रमांत वसिष्ठ, अरुंधती, दशरथाच्या राण्या अशीं मोठमोठीं माणसें आलीं आहेत, जनकहि आला आहे. आणि शिष्ट मंडळी घरीं आली म्हणून अनध्याय. सौधातकि नांवाचा एक लहान शिष्य तर ज्यांच्यामुळें सुट्टी मिळाली त्या पिकल्या दाढ्यांचें मनापासून स्वागत करतो. ही थट्टा नुसती तोंडीं लावण्यापुरती आहे असें प्रथम वाटतें. पुढें जनक आणि कौसल्या भेटतात. दोघांच्याहि दुःखाला पार नाहीं. तेवढ्यांत बाहेरून मोकळ्या सुटलेल्या बटूंचा कलकलाट ऐकूं येतो, कौसल्येची दृष्टि तिकडे जाते, आणि त्या खेळणाऱ्या पोरांत तिला लव दिसतो. तो आपला नातू आहे हें तिला ठाऊक नाहीं. ती त्याला जवळ बोलावते, मांडीवर घेते, आणि त्याच्या अंगकांतींत, आवाजांत तिला राम दिसूं लागतो. आम्हीं हा अंक मुलांना अनेकदां समजावून सांगितला. परंतु त्यांतील अनध्यायाचें महत्त्व आमच्या ध्यानांत आलें तें निवृत्तीनंतर. वाल्मीकींनीं त्या दिवशीं पाहुणे आले तरी पाठ चालूं ठेवला असता तर आजीला नातू दिसलाच नसता.

आमच्या घरीं माणसें सात. आम्ही उभयतां, थोरले चिरंजीव, सूनबाई, त्यांचीं दोन मुलें, आणि अजून लग्नाचें मनावर न घेतलेले धाकटे चिरंजीव. नातू गेल्या वर्षीं दहावींत होता. सकाळीं सात ते साडेबारा शाळा, चार ते आठ खासगी शिकवणी, रविवारीं सकाळीं सराव परीक्षा, आणि रविवारींच सायंकाळीं शंकानिरसनाचा तास. मधल्या वेळांत जेवण. तेंहि समोर भ्रमणध्वनि उभा करून, त्यावर कोणा दूरच्या शिक्षकाचें भौतिकशास्त्र ऐकत. थोरल्या चिरंजिवांच्या कचेरीचे मालक सातां समुद्रांपलीकडे; त्यांचा दिवस उजाडतो तेव्हां आमची रात्र होते, म्हणून चिरंजीव रात्रीं अकरा वाजतां बंद खोलींत बोलत असतात. सात माणसांना एका छपराखालीं ठेवणें म्हणजे एकत्र कुटुंब, अशी व्याख्या केली तर आमचें कुटुंब एकत्र होतें.

श्रावणांतल्या एका रात्रीं आमच्या सौभाग्यवतींनीं आम्हांस विचारलें, "याचा आवाज कधीं फुटला हो?" त्यांनीं नातवाला पाण्याचा तांब्या मागतांना ऐकलें होतें आणि क्षणभर घरांत कोणी परका पुरुष आला असें त्यांना वाटलें. चौकशी करतां त्याचा आवाज बदलून चार महिने झाले होते. ज्या बाईनें त्या मुलाला तेल लावून न्हाऊं घातलें, बाळगुटी चाटविली, त्याच्या पहिल्या शब्दाचा वार व तिथि जिला आजहि सांगतां येते, तिला त्याच घरांत राहून ही गोष्ट चार महिने कळली नव्हती. त्यांत कोणाचा दोष होता असें आम्ही म्हणत नाहीं. त्या चार महिन्यांत तो तिच्याशीं बोलला नव्हता असेंहि नाहीं. "आजी, वाढ" आणि "आजी, येतों" हे दोन शब्द रोज होतच होते.

आम्हीं ही गोष्ट थोरल्या चिरंजिवांच्या कानांवर घातली. ते म्हणाले, "अप्पा, एवढी परीक्षा होऊं द्या. मग खेळायला, बोलायला सारें आयुष्य पडलें आहे." ते खोटें बोलत नव्हते. एका जागेसाठीं किती मुलें धांवतात हें आम्हांसहि दिसतें. आणि गरिबींतून शिकून वर आलेल्या घराला विद्येचा आधार सुटण्याची केवढी धास्ती असते, तें आम्हांस चिरंजिवांपेक्षां अधिक ठाऊक आहे. पण हें वाक्य आम्हांस ओळखीचें वाटलें. चिरंजीव स्वतः दहावींत असतां तें घरांत बोललें गेलें होतें. नंतर पदवीच्या वेळीं, नंतर नोकरी कायम होईपर्यंत, नंतर घराचें कर्ज फिटेपर्यंत. पेरणी संपते, कापणी संपते, खळें झाडून होतें, आणि मग शेतकरी जत्रेला जातो. ज्याला हल्लीं 'करिअर' म्हणतात त्याचें खळें कधीं झाडून होत नाहीं. तेव्हां काम संपल्यावर खेळूं असें म्हणणाऱ्यानें खेळणार नाहीं असेंच म्हटलें आहे. अनध्यायाची खुबी हीच होती कीं त्याचा काम संपण्याशीं कांहीं संबंध नव्हता.

सुखाची इच्छा धरणाऱ्याला विद्या कोठली, अशा आशयाचें सुभाषित आम्हीं फळ्यावर शेंकडों वेळां लिहिलें आहे, आणि तें आजहि लिहूं. त्यांतील सुख म्हणजे आळस. आट्यापाट्यांत सूरपाटी धरणारा पोरगा आळशी असतो असें ज्याला वाटत असेल त्यानें एकदां ती धरून पाहावी.

आपल्या घरांत रविवार आयता आला, म्हणून त्याची किंमत आपणांस कळत नाहीं. मुंबईच्या गिरणी कामगारांना तो आयता आला नाहीं. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं 1884 सालीं कामगारांच्या सभा भरवून जें निवेदन केलें त्यांतील मागण्या वाचल्या म्हणजे मन थक्क होतें: आठवड्यांतून एक दिवस विसांवा, दुपारीं अर्धा तास विश्रांति, सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत. अर्ध्या तासासाठीं अर्ज करावा लागत होता! रविवारची सुट्टी मिळावयास 1890 साल उजाडलें, आणि पुढल्या वर्षींच्या कारखान्यांच्या कायद्यांत ती आली. जोतीराव फुल्यांच्या या सहकाऱ्याचें नांव आमच्यासारख्यांच्या घरांतून फारसें घेतलें जात नसे. घ्यावयास हवें होतें, कारण त्यांच्या श्रमाचा रविवार आपण सर्वच भोगीत आलों आहों. आतां तोच रविवार आपण आपल्या हातानें, कोणी न मागतां, शिकवणीच्या वर्गाला आणि भ्रमणध्वनीला परत देत आहों. गिरणींत निदान भोंगा तरी होता. तो वाजला कीं माणूस सुटे. खिशांतल्या यंत्राला सुटण्याचा भोंगा नाहीं.

असो. बराच खल होऊन घरांत असें ठरलें कीं, रविवारीं दुपारीं चारपासून रात्रीं आठपर्यंत आमच्या घरीं अनध्याय. शंकानिरसनाचा तास सोडावयाचा. शिकवणीच्या चालकांनीं दूरध्वनि करून मुलाचें नुकसान होईल असें बजाविलें; चिरंजिवांचा चेहरा उतरला, पण नातवानें आपण होऊन सांगितलें कीं, त्या तासाला ज्या शंका तो विचारतो त्या निम्म्याहून अधिक तो केवळ कांहीं तरी विचारावें म्हणून विचारतो. सर्वांचे भ्रमणध्वनि धान्याच्या रिकाम्या डब्यांत. आम्ही आमच्या योजनेवर प्रसन्न होऊन बसलों होतों, तेवढ्यांत सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, अनध्याय सगळ्यांचा. मग चहा कोणीं टाकायचा?"

या प्रश्नाचें उत्तर मनूच्या यादींत नाहीं. वीज चमकली, कोल्हा ओरडला, बेडूक आडवा गेला, पाहुणे आले, म्हणून पोथी मिटली. पण चूल कोणत्याहि तिथीला मिटली असें आमच्या वाचनांत नाहीं. उलट पाहुणे आले म्हणजे बटूंना अनध्याय आणि घरांतल्या बायकांना दुप्पट अध्याय. बायकांनीं आपला खेळ मिळविला तो शास्त्राकडून नव्हे, स्वतःच्या युक्तीनें. श्रावणांतल्या मंगळागौरीचें उदाहरण घ्या. दिवसा पूजा, सोळा प्रकारची पत्री, सवाष्णींच्या पंगती. तें सगळें उरकल्यावर देवीचें जागरण. जागरणाला कोण नाहीं म्हणणार? आणि त्या जागरणांत झिम्मा, फुगड्या, पिंगा, कोंबडा. हातांत खेळणें कोणतें, तर दिवसभर ज्यानें राबविलें तेंच सूप आणि तेंच लाटणें. आमच्या लहानपणीं माजघरांतून येणारा तो दणदणाट ऐकून पुरुषमंडळी ओसरीवर कुशी बदलीत पडत, पण थांबवा असें म्हणण्याची कोणाची छाती नसे. देवीचें काम होतें ना! एवढ्या मोठ्या आडोशावांचून ज्यांना खेळतां येत नव्हतें, त्यांच्या घरांत आम्ही अनध्याय जाहीर करीत होतों आणि चहाची वाट पाहात होतों.

मग सूनबाईंनींच नियम केला. चार ते आठ चूल पेटणार नाहीं. संध्याकाळीं दडपे पोहे, कारण त्यांना आंच लागत नाहीं. फोडणी दुपारींच करून ठेवावयाची. पातळ पोहे, ओलें खोबरें, कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू, नारळाचें पाणी. कालवून अर्धा तास वर वजन ठेवून दडपलें कीं झालें. ते करावयाचे पुरुषांनीं, पाळीनें. पहिला रविवार आमचा निघाला. पासष्टाव्या वर्षीं आम्ही प्रथमच खोवणीवर बसलों. खोबरें पांढरें शुभ्र उतरावें, करवंटीचा काळा भाग त्यांत येऊं नये, हें किती नाजूक काम आहे हें आम्हांस त्या दिवशीं कळलें, आणि नातीनें तें सर्वांदेखत मोठ्यानें वाचून दाखविल्यासारखें सांगितलें.

खेळावयाचें काय, हा पुढचा प्रश्न. पहिले दोन रविवार पत्ते झाले. मेंढीकोट, पांच तीन दोन. तिसऱ्या रविवारीं नातीनें आजीला विचारलें कीं तुम्ही लहानपणीं काय खेळत होतां, आणि आजी म्हणाली, सागरगोटे. सागरगोटा म्हणजे काय हें मुलांना माहीत नव्हतें. सौभाग्यवती उठल्या आणि बाळगुटीच्या बटव्यांतून एक राखाडी, गुळगुळीत बी घेऊन आल्या. याच मुलांना त्या बियेचे वेढे उगाळून दिलेले! एकानें खेळ होत नाहीं, पांच लागतात. नातू काष्ठौषधींच्या दुकानीं गेला. कोणाचें पोट दुखतें, असें दुकानदारानें विचारलें. "आजीला खेळायचे आहेत," असें यानें सांगितल्यावर त्या भल्या माणसानें पैसे कमी घेतले, आणि पांच सारख्या आकाराचे निवडून दिले.

सौभाग्यवतींना खालीं बसणें गुडघ्यांमुळें जड जातें. त्या दिवशीं त्या बसल्या. एक गोटा वर उडवावयाचा, तो खालीं येण्याच्या आंत जमिनीवरचा दुसरा उचलावयाचा आणि वरचा झेलावयाचा. मग दोन दोन, मग तीन, मग चारहि एका मुठींत. प्रथम दोनदां हात चुकला. तिसऱ्या खेपेला बोटांना जुनी आठवण झाली असावी. चाळीस वर्षांहून अधिक काळ ज्या हातांनीं पोळ्या लाटल्या, आमच्या सदऱ्यांचीं बटणें लावलीं, तापांत आमच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, ते हात आम्हीं यापूर्वीं कधीं पाहिलेच नव्हते असें वाटलें. गोटा वर जाई तेव्हां त्यांची नजर त्याच्यावर असे, आणि खालचा हात आंधळेपणानें पण अचूक फिरे. त्या नातवाला चिडवीत होत्या. लहान मुलीसारख्या खोटें बोलत होत्या. "हा धरायचा नाहीं, माझा धक्का लागला नाहीं," म्हणून भांडत होत्या. नातू हरला आणि त्या नव्या, जाड्या आवाजांत असा मोकळा हंसला कीं धाकटे चिरंजीव दुसऱ्या खोलींतून काय झालें म्हणून पाहावयास आले. आठ केव्हांच वाजून गेले होते. डब्यांत भ्रमणध्वनि गुरगुरत होता.

या प्रकारानें थोरल्या चिरंजिवांना थोडा धीर आला, आणि त्यांनीं कोठेंसें वाचून आम्हांस सांगितलें कीं, असे खेळ फार उपयुक्त असतात. हात व दृष्टि यांचा मेळ बसतो, एकाग्रता वाढते, तिचा गुणांवरहि चांगला परिणाम होतो. असेल. उपयोगच पाहावयाचा तर आम्हीहि पाहिजे तितके सांगूं. विटीदांडूंत मुलें वकट, लेंड, मूंड, नाल असें मोजतात. तेलुगूंत एक, दोन, तीन, चार यांना ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात. म्हणजे आपलीं खेड्यांतलीं पोरें न कळत शेजारच्या भाषेचे आंकडे पिढ्यान्‌पिढ्या घोकीत आलीं! आम्हांस ही मौज वाटते. पण यासाठीं विटीदांडू खेळावा असें म्हटलें कीं विटीदांडूची शिकवणी सुरू झालीच म्हणून समजा.

बादरायणांच्या ब्रह्मसूत्रांत एक अवघड आक्षेप आला आहे. ब्रह्माला कांहींच उणें नाहीं. मग त्यानें सृष्टि कोणत्या हेतूनें निर्माण केली? सूत्रकार उत्तर देतात कीं ती केवळ लीला आहे. त्यावर भाष्य करतांना शंकराचार्यांनीं, ज्याच्या सर्व इच्छा पुऱ्या झाल्या आहेत अशा राजाच्या क्रीडेचा दाखला दिला आहे, आणि शेजारींच श्वासोच्छ्वासाचा: तो बाहेरच्या कोणत्याहि प्रयोजनाची वाट न पाहतां चालतो. एवढ्या मोठ्या संन्याशाला विश्वाच्या उत्पत्तीसाठीं याहून गंभीर शब्द सुचला नाहीं, आणि आपणांस मात्र सागरगोट्यांसाठीं गुणपत्रिकेचें प्रशस्तिपत्र लागतें. चिरंजिवांना आम्हीं हें सांगितलें. ते म्हणाले, "अप्पा, राजाच्या सगळ्या इच्छा पुऱ्या झालेल्या असतात. माझे घराचे हप्ते अजून नऊ वर्षें आहेत." हा आक्षेप पूर्वपक्षांतहि शोभला असता. आम्हांस त्यावर एवढेंच सुचलें कीं, श्वास घेण्यासाठीं हप्ते फिटण्याची वाट ते पाहात नाहींत.

नातवाची परीक्षा झाली. गुण त्याच्या वर्गांतल्या इतर हुशार मुलांसारखेच पडले. अनध्यायामुळें वाढले असें नाहीं, घटले असेंहि म्हणतां येत नाहीं. तो आतां अकरावीच्या वर्गांत आहे आणि नव्या शिकवणीचें नवें वेळापत्रक घरीं आलें आहे. त्यांत रविवारच्या सायंकाळीं पुन्हां एक तास घातलेला आहे. त्याचा निर्णय अजून व्हावयाचा आहे. सौभाग्यवतींनीं या बाबतींत मत दिलेलें नाहीं; त्या सागरगोटे बटव्यांत न ठेवतां देवघराच्या फळीवर ठेवूं लागल्या आहेत, एवढेंच आमच्या नजरेस आलें आहे. येत्या रविवारीं नारळ खोवण्याची पाळी थोरल्या चिरंजिवांची. त्या दिवशीं कचेरीचें कांहीं तातडीचें काम निघण्याचा संभव आहे असें त्यांनीं बुधवारींच सुचवून ठेवलें. परंतु नातीनें पाळीच्या कागदावरून त्यांचें नांव खोडलेलें नाहीं.